जुळलेल्या बरगड्या

अकोटच्या एका खाजगी दवाखान्यात मी एक्स-रे काढायचे. एका दुपारी आईबाप तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आले. डावा दंड मोडलेला. तो उचलून मी प्लेटवर ठेवला, तरी पोरगी हूं की चूं नाही. माझं डोकं तिथंच फिरलं. एवढंसं लेकरू उगाच गप्प बसत नाही.

बाप म्हणाला, खाटेवरून पडली. आई फरशीकडे बघत होती. डॉक्टरांनी फक्त हात सांगितला होता, मी न विचारता छातीचाही काढला. तीन बरगड्या कधीतरी मोडून आपोआप जुळल्या होत्या. जुळलेल्या हाडावर गाठ राहते, ती मला दिसली. बापालाही मी काय बघतेय ते कळलं.

“हाताचा फोटो सांगतला होता. छातीचा कावून काढून राहिल्या?”

“मले दिसून राहिलं म्हणून,” मी म्हटलं.

डॉक्टर पोलिसांना कळवायला तयार नव्हते. मीच ठाण्यात गेले. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, बरगड्या कोणत्या दिवशी मोडल्या, कोणी मोडल्या, पाहिलं कोणी? लेकरावरच्या क्रूरतेचं कलम आहे ना, मी म्हटलं. आहे, ते म्हणाले, पण ती कोणी केली हे दाखवावं लागतं.

“घरात दोघंच. आई का बाप, सांगा तुमी. आन् जो नुसता पाहत राहिला, त्याले कोणतं कलम लावू?”

त्यांचं म्हणणं खरं होतं, त्याचाच जास्त संताप आला.

मग अकोल्याला बालकल्याण समितीकडे गेले. त्यांनी चौकशी करून मुलीला तिवश्याला मामाकडे ठेवलं. एवढंच काय ते झालं. समितीच्या पत्रावरून पोलिसांनी बापावर गुन्हा नोंदवला, तोही हाताचा तेवढाच, आणि कोर्टात आईनं खाटेचीच साक्ष दिली. बापाच्या वकिलानं मला विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? नाही, म्हटलं. बाप सुटला. त्याच्याआधीच दवाखान्यानं मला कामावरून काढलं होतं.

गेल्या वर्षी अकोटच्या बसस्टँडवर त्या मुलीची आई भेटली. वाट अडवून म्हणाली, “तुमी माह्यी पोरगी तोडली माह्यापासून.”

बाप मला तसा समजला होता. ही बाई मला आजही समजत नाही. भिंतीपलीकडे ती होती, तिनं प्रत्येक बरगडीचा आवाज ऐकला असेल. नुसतं ऐकत राहणाऱ्या अशा बाईला कायद्यात नाव नाही. माझ्याकडे आहे, ते मी तिला तोंडावर सांगितलं. लोक वळून बघायला लागले.

मला लाज वाटली नाही. अमरावतीची बस लागली होती, त्यात जाऊन बसले.