कोपरापर्यंत पाणी

गरम पाणी आणि साबण. एवढंच मी मागितलं होतं.

सांगवीतल्या एका बड्या बागायतदाराचं घर. आत पहिलटकरीण सून कळा देत होती. मी मांगवाड्यातली सुईण, उंबऱ्याबाहेर उभी. घरधन्याला सगळे तात्या म्हणत. ते अंगणात पाहुण्यांबरोबर पान खात बसले होते. त्यांनी मिशी कुरवाळली, तमाशातल्या राजासारखी मान वर केली आणि म्हणाले,

"ऐकलं का मंडळी? मांगिणीला साबन पायजे! उद्या अत्तर मागंल."

पाहुणे खिदळले. तात्यांची ती नक्कल मला अजून हुबेहूब येते. वस्तीत करून दाखवते तेव्हा बाया पदर तोंडात कोंबतात.

त्या दिवशी मात्र तात्यांची आई तांब्या घेऊन आली. तांब्याला माझा वारा लागू नये म्हणून हातभर वरून माझ्या ओंजळीत गार पाणी सोडलं. जेमतेम दोन घोट.

"झालं. हो आत. लय नखरं करू नगं."

मीही हसले. त्यांच्यात मिसळून हसले. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही.

घरामागं गुऱ्हाळ चालू होतं. कढईत सकाळपासून रस उकळत होता, चुलवणातला जाळ विझत नव्हता. बाळंतिणीसाठी तांब्याभर पाणी तापवायला मात्र जाळ नव्हता.

मी बारामतीच्या दवाखान्यात तीन महिने शिकून आले होते. तिथल्या नर्सबाई माझा हात हातात घेऊन नखं डोळ्यांजवळ धरत. परजातीच्या माणसानं माझा हात असा धरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. "पुन्हा धू," त्या म्हणत. कोपरापर्यंत. कात्री उकळ, दोरा उकळ. नाळेला शेण लावायचं नाही, राख लावायची नाही. मी सगळं घोकलं होतं.

आणि त्या घरात सगळं गिळलं. पोरगा झाला. म्हातारीनं गवत कापायचा विळा पदराला पुसून पुढं केला. माझी कात्री पिशवीत होती.

"आत्याबाई, ह्यानं नगं..."

"आमच्या घरात सात बाळंतपणं ह्याच विळ्यानं झाल्यात. काप."

मी कापली. तिनं वरून शेणाची राख दाबली. मी पाहत राहिले. मी बाहेर पडताच खोली सारवली, गोमूत्र शिंपडलं. माझ्या मागं. विळ्यावर कुणी थेंबही टाकला नाही.

आठव्या दिवशी पोराचा जबडा मिटला. दूध घेईना. अंग धनुष्यासारखं ताठलं. संध्याकाळी गेलं.

मला चावडीवर बोलावलं. "मांगिणीच्या घाण हातानं आमचा वंश खाल्ला," तात्या म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी खाली बघत उभी राहिले. घरी आले आणि माझे हात बघितले. घाण होतेच. धुवायला पाणी कुणी दिलं होतं? आधी पाणी द्यायचं नाही, मग हात घाण म्हणायचे. इतकी साधी गोष्ट कळायला एक पोर मरावं लागलं.

दोन वर्षांनी त्याच घरातून सांगावा आला. तीच सून. दुसरी सुईण आसपास नव्हती, नाहीतर त्यांनी मला कशाला बोलावलं असतं? मी आत गेले, सुनेच्या कळा मोजल्या, पोट बघितलं. वेळ होता. भरपूर वेळ होता. हे मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं. मी बाहेर आले आणि उंबऱ्यावर बसले. उंबऱ्यावरच, मधोमध.

"ऊठ की! काय बसलीस?" म्हातारी किंचाळली.

"उकळलेलं पानी पायजे. साबन पायजे. माझी कात्री उकळायला भांडं पायजे. हात धुतल्याबिगर मी पोराला हात लावायची न्हाय."

"माज आला व्हय गं?" तात्या ओरडले. "वस्तीतनं हाकलून दीन!"

"हाकला. पर आदी ठरवा, आत कोन जानार? तुमी?"

तात्या म्हातारीकडं बघायला लागले. तेवढ्यात आतून सुनेचा आवाज आला. दोन वर्षं त्या घरात तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"मामंजी, तिला पानी द्या! माझं एक पोर खाल्लंसा तुमी. त्या विळ्यानं खाल्लंसा!"

पाणी उकळलं. कात्री उकळली. पाणी कोमट झाल्यावर ते माझ्या हातावर ओतायला म्हातारी रागानं तांब्याला हात लावेना. तांब्या तात्यांनीच उचलला.

"जरा खाली धरा, तात्या. उडतंय. हं. आता कोपरापातूर."

मी एकेक नख धुतलं. दहाही. पुन्हा साबण लावला, पुन्हा दहाही. तात्यांची मिशी घामानं ओली झाली होती. असा खेळ मी जन्मात पाहिला नाही.

मुलगी झाली. आठवा दिवस गेला, बारावा गेला. ती जगली.

बाळंतपण उरकून मी निघाले तेव्हा मागं गोमूत्र शिंपडत होते. तांब्या विस्तवात टाकला होता. तात्यांनी गावभर सांगितलं, देवाच्या कृपेनं सुटका झाली.

सांगोत. मला त्यांची शाबासकी नको आहे. पण त्या पहिल्या पोराच्या मरणात माझी मान खाली होती, एवढा वाटा माझाही आहे. तो मी कुणावर ढकलत नाही. आता वस्तीतल्या चार जणींना शिकवते आहे. पहिल्या दिवशी कात्री दाखवत नाही. आधी त्यांना उंबऱ्यावर बसवते आणि मोठ्यानं म्हणायला लावते: "पानी द्या." जिचा आवाज दबतो, तिला पुन्हा. नरडं मोकळं होईपर्यंत पुन्हा.