हळदकुंकू लावलेले काडतूस

तिथ्या आधी नोंदवतो. नंतर कोणी म्हणायला नको, की म्हाताऱ्याला नीट आठवत नाही.

गेल्या आश्विनातली खंडेनवमी: त्या सकाळी ह्यूस्टनला माझ्या मुलीच्या घरी दोन पिस्तुले पाटावर पूजेला मांडली गेली. कार्तिकात, तुळशीच्या लग्नानंतरचा पहिला मंगळवार: दोहाच्या विमानतळावर माझ्या पत्नीच्या बॅगेतून एक जिवंत काडतूस निघाले. पौषातला दुसरा शुक्रवार: माझी मुलगी बाळंत झाली आणि तिची आई तिच्याजवळ नव्हती.

जबाबदार चौघे. पहिला, ह्यूस्टनचा तो मराठी शस्त्रविक्रेता, ज्याने सणाचे निमित्त करून खिशात मावणारी पिस्तुले स्वस्त केली. दुसरे माझे जावई, ज्यांनी ती स्वस्त मिळाली म्हणून घेतली. तिसरे तिथल्या मराठी मासिकाचे संपादक, ज्यांनी ती जाहिरात पुरणपोळीच्या जाहिरातीशेजारी छापली. चौथा मी. माझा दोष कोणता, हेही लिहिणार आहे. तीस वर्षे मी कतारमध्ये कंत्राटांचे मसुदे तपासतो आहे. आपल्या बाजूचे कलम गाळून दुसऱ्यावर दावा लावणाऱ्यांना मी चांगला ओळखतो.

आम्ही दोहातल्या अल थुमामा वस्तीत राहतो. विमानतळ जवळ असल्याने उतरणारी विमाने आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात. या वस्तीत माणसे गाडी चालू ठेवून कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, खुबूसच्या रोट्या घ्यायला उतरतात, आणि परत येतात तेव्हा गाडी जागेवर असते. आमच्या घरातले सर्वांत धारदार शस्त्र म्हणजे विळी. परवान्यावाचून शस्त्र किंवा काडतूस या देशात आणणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि तो तसा असावा, असेच माझे मत आजही आहे.

जावई पूर्वी इथेच, गॅसच्या कंपनीत होते. बदली होऊन ह्यूस्टनला गेले आणि पहिल्याच वर्षी त्यांनी फोनवर पिस्तुलाचा विषय काढला. तळहातात मावेल एवढे, कपड्यांखाली लपवून वावरता येईल असे. तेव्हा त्याची किंमत दोहाच्या विमानाच्या तिकिटाएवढी होती, म्हणून बेत राहिला. पुढे मात्र दर फोनला किंमत उतरत गेली. कंपन्या वाढल्या होत्या, माल पडून होता आणि दुकानदार एकमेकांच्या खाली भाव लावत होते. गेल्या गणपतीत ते म्हणाले, "बाबा, मागच्या वर्षी हेच मॉडेल दुप्पट होतं. आता बाबागाडीपेक्षा स्वस्त आलंय."

"बाबागाडी घेतलीत का?"

"ती बघतोय अजून. तिचा भाव काही उतरत नाही."

"हे खिशात घेऊन तुम्ही ऑफिसला जाणार?"

"कळतसुद्धा नाही हो कुणाला. हिच्या पर्समध्येही बसेल, मोबाइलशेजारी."

"कुणाला कळू नये अशी वस्तू घरात कशाला लागते?"

"तुम्ही कतारमध्ये बसून हे विचारताय. इथं सगळ्यांकडे असतं."

मग त्या विक्रेत्याची जाहिरात आली. मुलीने मासिकाचे ते पान मला पाठवले, बहुधा मी चिडावे म्हणूनच. 'खंडेनवमीला नव्या शस्त्राची पूजा करा. खिशात मावणाऱ्या पिस्तुलांवर खास सूट. दुसऱ्यावर आणखी सूट.' जावयांनी दोन घेतली. एक स्वतःसाठी आणि एक गरोदर बायकोसाठी.

माझी पत्नी ज्येष्ठापासून मुलीकडेच होती. पूजेच्या दिवशी तिने फोनचा कॅमेरा पाटाकडे वळवला. "बघा काय आणून ठेवलंय. मी नाही बाई याला हात लावणार."

इथे मी चूक केली. माझ्या वडिलांच्या घरी त्या दिवशी कोयता, अडकित्ता, सुताराकडून आलेला रंधा, सगळे पाटावर यायचे. घरात असलेले हत्यार त्या दिवशी पूजेवाचून राहता कामा नये, हा नियम माझ्या अंगात मुरलेला आहे. त्याच सकाळी इथे मी माझे फाउंटन पेन आणि कंत्राट कायद्याचे पुस्तक पाटावर मांडले होते. पिस्तुलाला माझा विरोध होता, तरी मी म्हणालो, "घरात आलेय ना? मग पूजा झालीच पाहिजे." पुढचा विधीही मीच सांगितला. "भरलेले शस्त्र पाटावर ठेवायचे नाही. गोळ्या काढा आणि तांदळाच्या राशीवर मांडा. त्यांनाही हळदकुंकू लावा."

दसऱ्याच्या सकाळी जावयांनी गोळ्या उचलून घेतल्या. नंतर पत्नीने विचारले, "या तांदळाचं काय करू?" मी म्हणालो, "पाटावरचे काही टाकायचे नाही. अक्षता, सुपारी, हळकुंड, सगळे बटव्यात बांधून घेऊन ये. वर्षभर आपल्या देव्हाऱ्यात राहील." तिने दोन्ही हातांनी तांदूळ गोळा केले आणि बटव्याची नाडी ओढली.

तिने कार्तिकात परत यावे, हाही माझाच आग्रह. इथले निवासपत्र असलेल्या माणसाने सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहू नये. पंधरा दिवस येऊन जावे, मग पौषात बाळंतपणाला पुन्हा निघावे, असे ठरले. तिकीटही काढून ठेवले.

त्या मंगळवारी मी विमानतळावर बाहेर उभा होतो. विमान उतरून दीड तास झाला, तेव्हा गणवेशातला एक माणूस माझे नाव विचारत आला. आतल्या खोलीत टेबलावर पांढरा कागद पसरलेला आणि त्यावर आमचा बटवा रिकामा केलेला. पत्नी खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. अधिकारी माझ्या मुलीच्या वयाचा. आवाज मऊ, हिंदी मोडकी.

"मामा, ये क्या?" त्यांच्याकडे वयस्क बाईला आदराने असेच म्हणतात.

"सुपारी."

"और ये?"

"हल्दी."

तिसऱ्या वस्तूला त्याने हात लावला नाही. पेनाच्या टोकाने ती हळूच फिरवली. वाळलेल्या हळदीचा पापुद्रा सुटला आणि खाली पितळ चमकले.

पत्नी माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, मला वाटलं त्यांच्या देव्हाऱ्यातल्या घंटेचा लोलक पडलाय. म्हणून उचलला."

अधिकाऱ्याने मला विचारले, "आप को मालूम था?"

"नाही," मी म्हणालो. ते खरे होते. बटवा आणायला मी सांगितले होते, हे त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. पत्नीचा जबाब अरबीत लिहिला गेला आणि दुभाष्याने तो वाचून दाखवला: 'बटवा मी स्वतः भरला, स्वतःच्या मर्जीने आणला.' मी तो त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला. 'स्वतःच्या मर्जीने' हे शब्द चुकीचे आहेत, हे मला दोन्ही वेळा कळले. दुसऱ्याच्या मसुद्यात असा शब्द मी कधी जाऊ दिला नसता. पण माझे नाव कागदावर आले तर माझी नोकरी जाईल, आणि तिचे निवासपत्र माझ्याच नोकरीवर आहे, असा हिशेब मी त्या खोलीत उभ्याउभ्या केला. पत्नीने सही केली. तिला घरी पाठवले, पण पासपोर्ट ठेवून घेतला. चौकशी संपेपर्यंत देश सोडायचा नाही.

घरी येताच मी लिहायला बसलो. विक्रेत्याला तीन पत्रे गेली, संपादकांना दोन. जावयांना मी मराठीत सविस्तर लिहिले आणि गोळ्या मोजून का घेतल्या नाहीत, असे विचारले. त्यांचा आवाजी निरोप आला: "बाबा, पाच-सहा होत्या, उचलल्या. एक राहिली असेल तांदळात. मी काय मुद्दाम ठेवली?" संपादकांनी कळवले, की जाहिरातीतील मजकुराशी संपादक मंडळ सहमत असेलच असे नाही. विक्रेत्याने मात्र तिसऱ्या पत्राला उत्तर दिले, तेही शुद्ध मराठीत. 'काका, माझा धंदा कायदेशीर आहे. बाजारात भाव पडले, ते मी पाडलेले नाहीत. पूजेचे तांदूळ विमानातून न्या, असेही मी कुणाला सांगितलेले नाही. ते कुणी सांगितले, हे आपणांस ठाऊक असेलच.'

हे उत्तर मी पत्नीला दाखवले नाही.

मार्गशीर्ष गेला. तिच्या तिकिटाची तारीख गेली. दुसरे काढले, तेही रद्द केले. मुलीसाठी केलेले डिंकाचे लाडू डब्यात होते; डबा बॅगेत आणि बॅग दाराशी. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून विमाने बघायची. रोज मुलीचा फोन यायचा. "आई, झालं का काही?" ही म्हणायची, "होईल गं. तू पाय वर घेऊन बस."

पौष लागला, तेव्हा एका सकाळी माझ्या टेबलाशी येऊन तिने विचारले, "किती पत्रं झाली?"

"चौदा."

"सगळी त्यांनाच?"

"ज्यांचा दोष आहे, त्यांना."

"त्यांतलं एक तरी माझ्या कामाचं आहे का?" आणि ती चहा ठेवायला निघून गेली.

पंधरावे पत्र मी त्याच दिवशी सरकारी वकिलांच्या कार्यालयाला लिहिले. पूजा मी सांगितली, बटवा मी आणायला लावला, जबाबातले 'स्वतःच्या मर्जीने' हे शब्द असत्य आहेत आणि ते असत्य असल्याचे ऐकताना मला माहीत होते. अरबी भाषांतर जोडले. पूजेच्या फोनचे मुलीने जपून ठेवलेले चित्रणही दिले. त्यात माझा आवाज स्पष्ट आहे. मला बोलावले गेले. तीन तास प्रश्न झाले. एका अधिकाऱ्याने एवढेच विचारले, "हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलेत?" मी खरे कारण सांगितले. त्याने ते लिहून घेतले.

मुलगी पौषातल्या त्या दुसऱ्या शुक्रवारी बाळंत झाली. नात झाली. पत्नीने तिला फोनवर पाहिले. फोन जावयांच्या हातात होता आणि तो हलत होता. त्यानंतर नऊ दिवसांनी काडतूस जप्त ठेवून, आम्हा दोघांकडून हमीपत्र घेऊन प्रकरण मिटवण्यात आले आणि पासपोर्ट परत मिळाला. माझी नोकरी राहिली. पंधरावे पत्र मी पहिले लिहिले असते, तर ही वेळेवर पोचली असती. असे तिने मला एकदाही म्हटलेले नाही.

ती निघाली त्या आठवड्यात जावयांचा निरोप आला. विक्रेत्याने नव्याने आईबाप झालेल्यांसाठी सूट जाहीर केली आहे, भाव आणखी खाली आला आहे. मागून मुलीचा आवाज होता: "सांग बाबांना, आहेत तीही मी परत करतेय. पाळणा आहे त्या घरात ती राहणार नाहीत."

म्हणून आता त्या विक्रेत्याला जाहीरपणे लिहितो. खासगीत त्याने मला विचारले, की तांदूळ आणायला कुणी सांगितले. मी सांगितले. माझे नाव मी सरकारी कागदावर दिले आहे आणि या लेखाखाली छापायलाही दिले आहे. आता त्याने सांगावे. बाबागाडीपेक्षा स्वस्त झालेली वस्तू सणाच्या नावाने आमच्या घरांत घालताना, गोळ्या मोजून ठेवा, एवढे एक वाक्य त्याने किती गिऱ्हाइकांना सांगितले? माझ्या जावयांना सांगितले होते का? 'दुसऱ्यावर आणखी सूट' लिहिताना ते दुसरे कुणाच्या पर्समध्ये जाणार, हे त्याला ठाऊक होते का? उत्तर मला पत्राने नको. ज्या मासिकात जाहिरात आली त्याच मासिकात, त्याच पानावर, जाहिरातीएवढ्याच जागेत आणि स्वतःच्या नावानिशी ते छापून यावे. संपादकांनी जागा द्यावी. पुढच्या अंकाची मी वाट पाहतो आहे.