गोजराचं अर्धं लगीन

बेलापूर गावात गोजराच्या धवल्याशिवाय लगीन लागत नसे. धवला म्हणजे लग्नाचं गाणं. नवरानवरीची नावं गुंफत ते शेवटच्या कडव्यापर्यंत नेणारी ती धवलारीन. तीनेकशे जोडपी तिच्या गळ्यातून संसाराला लागली. तिचं स्वतःचं लगीन मात्र अर्धंच राहिलं होतं.

झालं असं, की तिच्या लग्नात हळदीचं कडवं संपतंय तोच खाडीचा बांध फुटला. मांडवातले पुरुष फावडी घेऊन धावले, आणि सगळ्यांच्या पुढे बाशिंग बांधलेला वामन. भात वाचलं. पण चिखलाने माखून परतलेला नवरा बघून धवला गाणारी बायजाबाई जी हसत सुटली, ती परत सुरावर आलीच नाही. अक्षता तशाच पडल्या, धवला हळदीवरच राहिला. पुढे ती वारली, आणि गावात धवले येणारी एकटी गोजरा उरली. स्वतःचा धवला स्वतः कसा गाणार? आणि जासई गावच्या धवलारनीला बोलवायचं, तर आपलंच नाक कापून तिच्या हातात द्यायचं.

वामनला आयतं कोलीत मिळालं. कालवण खारट झालं, की तो ताट सरकवून म्हणे, "मी काय बोलू? आपलं लगीन कुटं पुरं झालंय." पस्तीस वर्षं हे ऐकून गोजराचे कान किटले होते.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात नव्या वसाहतीतल्या मंडळींनी सरकारी इमारतींसमोरच्या मैदानात लोकगीतांचा कार्यक्रम ठेवला. रेडिओवर गाजलेल्या पुतळाबाई गाणार होत्या. गोजरा नवऱ्याला घेऊन ऊन उतरायच्या आधीच पुढची सतरंजी धरून बसली.

"बाय उभी हाय ना, तिथंच आपला बांध व्हता," पुतळाबाई मंचावर आल्या तसा वामन म्हणाला.

"माहीत हाय. गप ऐक."

पुतळाबाईंनी गवळण गायली, ओव्या गायल्या, मग धवला धरला. सत्तरीतला आवाज, पण घंटेसारखा. मांडवाचं कडवं झालं, हळदीचं झालं, आणि बाईंनी हात जोडले. टाळ्या पडल्या. गोजरा उठून उभी राहिली.

"बाय, पुढचं?"

"पुढचं काय?"

"नवरी हलदीतच ठेवताव काय?"

कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळींतला जयप्रकाश धावत आला. "आजी, बसा ना. प्रोग्रॅम टायमात संपवायचाय."

"तुझं लगीन झालंय?"

"नाही अजून."

"मंग तू बस."

पुतळाबाई हसल्या. "रेडिओवर वेळ थोडा, माय. मला दोनच कडवी येतात. तुम्हाला येतात तर या, गा."

गोजराने पाऊल उचललं आणि परत ठेवलं. "मी सांगते, तुमी गा. माझाच धवला हाय. हलदीवर रायलाय."

"बरं. नवरीचं नाव?"

"गोजरा."

"नवऱ्याचं?"

गोजराने पदर पुढे ओढला. उभ्या जन्मात तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. "त्यालाच इचारा."

सगळं मैदान वामनकडे वळलं. वामन सतरंजीचा दोरा उसवत बसला. नाव सांगितलं, की पस्तीस वर्षांचं हत्यार गेलं. नाही सांगितलं, तर बायको पुन्हा हळदीत.

"आजोबा, लाजताय काय?" मागच्या खुर्चीतून एक फ्लॅटवाली म्हणाली.

वामनने गोजराकडे पाहिलं. पदराची कड तिने दातांत घट्ट धरली होती. तो हळूहळू उठला, टोपी सारखी केली.

"वामन," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, "वामन पंढरी. नीट लावा, बाय. परत बांध फुटायच्या आत."

गोजरा ओळ सांगत गेली, पुतळाबाई गात गेल्या. शेवटच्या कडव्याला मागच्या बायकांनी अक्षता म्हणून हातातल्या पुड्यांतले चुरमुरे उधळले. निम्मे जयप्रकाशच्या डोक्यावर पडले.

घराकडे जाताना वामनने विचारलं,

"आता कालवन खारट झालं तं मी काय बोलायचं?"

"आनखी भात घ्यायचा," गोजरा म्हणाली, आणि त्याच्या टोपीवरचा चुरमुरा काढून तिने तोंडात टाकला.