सातवी सूचना
डांबरगोळ्यांचा वास आला की आईचा एकदाच घातलेला जांभळा पंजाबी ड्रेस डोळ्यांपुढे येतो. तिला सिंगापूर दाखवायचं ठरलं, तेव्हा सहल कंपनीचा सूचनांचा कागद घेऊन मी गावी, काष्टीला गेले होते. आईला वाचता येत नाही. ती ओसरीवर लसूण सोलत ऐकत होती आणि मी वाचत होते: पासपोर्ट जवळ ठेवा, औषधाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत घ्या, चालायला सोपे बूट घाला. कागदावर सहाच सूचना होत्या. सातवी मी माझ्या मनाची वाचली, "नऊवारी चालणार नाही." लाज मला वाटत होती, कागदाला नाही. "लिव्हलंयच म्हनल्यावर काय," एवढंच आई म्हणाली. विमानतळावर ती अंग चोरून, सारखी ओढणी सावरत उभी होती. तेवढ्यात नऊवारीतल्या दोन म्हाताऱ्या ऐटीत आल्या. आईने त्यांना निरखून पाहिलं. "त्यांना कागद दिला न्हाई का गं?" मी म्हटलं, "त्यांची कंपनी वेगळी असेल." कंपनीने वाटलेली पिवळी टोपी आम्हा चौघींच्याही डोक्यावर होती. तेव्हापासून बँकेचा असो की दवाखान्याचा, घरात आलेला कागद आई शेजारणीकडून वाचून घेते. मी समोर बसलेली असले तरी.