चिंचेवरच्या रहिवाशांची फिर्याद

ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते आणि मग नाकात माशांचा वास भरतो. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगली आवरल्या. पण नातवंडे गोष्ट सांगा म्हणाली की हीच मागतात.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आमचे घराणे कानडी मुलखाच्या राजधानीत, चिकपेटेजवळ पिढ्यान्‌पिढ्या राहणारे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. मी तेव्हा हेब्बाळच्या पलीकडल्या एका ठाण्यात फौजदार होतो. ठाणे म्हणजे दोन खोल्या आणि एक कोठडी. कोठडी बहुतेक दिवस रिकामी असे, म्हणून हवालदार तिथे आपली सायकल ठेवत.

एके सकाळी हजेरी चालू असताना पन्नाशीच्या एक बाई तरातरा आत आल्या आणि हवालदारांपुढे बसल्या. "फिर्याद लिहून घ्या, स्वामी. आमची पोरं पळवली," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या.

हवालदारांनी घाईने टाक उचलला. "किती? वय काय?"

"चौदा. वय दोन-तीन आठवडे."

टाक तसाच हवेत राहिला. "कोणाची पोरं, अक्का?"

"कोक्करेंची."

कोक्करे म्हणजे करकोचे. यांना पुस्तकी मराठीत चित्रबलाक म्हणतात: पिवळी लांब चोच, पाठीमागे गुलाबी पिसे, जणू रंगपंचमी खेळून आलेत. दर हिवाळ्यात ते अक्कांच्या गावातल्या पाच जुन्या चिंचांवर घरटी बांधत. पूर्वी आसपासच्या बऱ्याच तळ्यांकाठी त्यांची वस्ती होती. तिथली झाडे गेली, हौशी बंदूकवाले आले, आणि आता पंचक्रोशीत हे एकच गाव उरले होते. अक्का तिथल्या पंचायतीच्या सदस्य होत्या. नऊ जणांत एकटी बाई.

ठाण्यात हसाहस झाली. मीही हसलो, हे कबूल करतो. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पदराच्या गाठीतून एक कागद काढला. तो पंचायतीचा ठराव होता: ज्या चिंचेवर पक्ष्यांची वस्ती आहे, ती चिंच विकू नये, तोडू नये, पक्षी असेपर्यंत तिच्या चिंचाही झोडपू नयेत. खाली सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे.

"काल शेजारच्या गावी जत्रा होती. सगळं गाव तिकडं. दुपारी परत येऊन बघतो, तर रस्त्याकडच्या दोन चिंचांवर एक घरटं नाही. फांद्याच तोडून नेल्या," त्या म्हणाल्या.

मी विचारात पडलो. रानपाखरू कोणाच्या मालकीचे नसते. ते नेले तर चोरी कशी म्हणणार? मग लक्षात आले, पाखरू कोणाचे नसेल, पण झाड पंचायतीचे आहे, आणि ते तोडायला तिची संमती नाही हे या ठरावातच लिहिले आहे. मालकाच्या संमतीवाचून फांद्या तोडून नेल्या म्हणजे चोरी. दखलपात्र गुन्हा. मी हवालदारांना म्हणालो, "लिहा. चिंचेच्या फांद्या, पंचायतीच्या मालकीच्या, घरट्यांसकट."

हवालदारांनी स्टेशन डायरीत नोंद केली. अक्का म्हणाल्या, "सरी!" म्हणजे झाले बरोबर, आणि उठून माझ्याआधी बाहेर पडल्या.

गावात जाऊन पंचनामा केला. बुंध्याला शिडीच्या खुणा होत्या, फांद्या करवतीने नीट कापलेल्या. उरलेल्या तीन झाडांवर मोठे पक्षी दाटीवाटीने उभे होते आणि चोची आपटून टकटक करत होते. हवालदारांचा संशय लगेच पाखरे धरणाऱ्या फिरस्त्यांवर गेला. आमच्या खात्याची ही जुनी खोड: गुन्हा घडला की आधी गरिबाचे पाल शोधायचे. मी म्हटले, पोटासाठी पाखरू धरणारा जाळे आणतो. करवत आणि बैलगाडी घेऊन येत नाही.

मग पंचायतीच्या कचेरीत बसून आवक नोंदवही मागवली. त्यात एका लाकूड कंत्राटदाराचा अर्ज सापडला: 'रस्त्याकडील दोन चिंचांवर आता पक्ष्यांची वस्ती नसल्याने ती झाडे मला द्यावीत; बदल्यात शाळेचे छप्पर बांधून देईन.' अर्ज सोमवारी आलेला. फांद्या तुटल्या बुधवारी. घरटी नाहीशी होण्याच्या दोन दिवस आधी हा गृहस्थ ती नाहीत असे लिहून देत होता!

शुक्रवारी कंत्राटदाराला ठाण्यात बोलावले. रेशमी काठाचे उपरणे, कपाळाला गंध, बोलणे लोण्यासारखे. म्हणाला, "लिहिताना चूक झाली असेल, स्वामी. मी देवभीरू माणूस. पाखराला कशाला हात लावीन?" तासभर विचारपूस केली, तो हसतच राहिला. नुसत्या तारखेच्या चुकीवर कोर्टात काही टिकले नसते. त्याच्यामागे त्याचा कारकून उभा होता, बेळगावकडचा तिशीतला सडपातळ माणूस. त्याच्या दोन्ही हातांवर ओरखडे होते आणि तो सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. साहेबापुढे घाबरलेला माणूस जमिनीकडे बघतो. घड्याळाकडे बघतो तो, ज्याची कोणीतरी वाट बघत असते.

पिल्ले जिवंत असतील तर त्यांना रोज मासे लागणार, म्हणून दुसऱ्या दिवशी मी हवालदारांना घेऊन साध्या कपड्यांत तळ्यावर गेलो. तिथल्या मासे विकणाऱ्या बाईंना विचारले, नवीन गिऱ्हाईक कोण? त्या खळखळून हसल्या. "एक आहे ना! नाकाला रुमाल लावून येतो. बोटभर मासे मागतो, पाटीभर. कसे करता विचारलं, तर म्हणतो, तसेच देतो. अहो, त्याच्या घरात कांदासुद्धा शिजत नाही!"

थोड्या वेळाने गिऱ्हाईक आले: तोच कारकून. पाटी सायकलला बांधून निघाला. मी आणि हवालदार अंतर ठेवून मागे. कंत्राटदाराच्या वखारीमागे एक पत्र्याची शेड होती. त्याने दार उघडले मात्र, आतून असा कल्ला उठला की हवालदारांनी कानांवर हात ठेवले. कापलेल्या फांद्या तिथेच रचून ठेवल्या होत्या, आणि भुशाच्या गादीवर माना उंचावून चौदाच्या चौदा पिल्ले चोची उघडून उभी होती.

कारकुनाने मला ओळखले. पळाला नाही. मी मराठीत म्हणालो, "बसा. किती दिवस झोप नाही?"

आपली भाषा ऐकली आणि तो ढसाढसा रडायला लागला. "साहेब, मालक म्हणाले, फांद्या उतरव आणि पिल्लं तळ्यात टाक. मी टाकायला उचलली, तर त्यांनी भीतीनं पोटातले मासे माझ्या अंगावर ओकले. तीन वेळा आंघोळ केली, वास जात नाही. पण साहेब, टाकवेना हो. बायकोला सांगता येईना. चार दिवस मासे भरवतोय. फार खातात ती!"

शेवटच्या वाक्याला हवालदारांना हसू आवरेना. मग मला, आणि मग त्याला स्वतःलाही. आयुष्यात आरोपीबरोबर इतका हसत जबाब मी दुसरा लिहून घेतला नाही. फांद्या मुद्देमाल म्हणून जप्त केल्या. पिल्लांचे काय लिहायचे ते सुचेना. 'सुस्थितीत, भुकेली' असे लिहिले.

त्याच दिवशी पिल्ले बैलगाडीतून गावात नेली. गावकऱ्यांनी बांबूच्या टोपल्यांत काटक्या घालून त्या दोन चिंचांवर बांधल्या. सगळे गाव झाडाखाली जमले. बराच वेळ काही घडले नाही. अक्का ओठ घट्ट मिटून वर बघत होत्या. मग एक मोठा पक्षी शेजारच्या झाडावरून उठला, घिरट्या घालून टोपलीच्या काठावर उतरला आणि पिल्लासमोर मासा टाकला. असा आरडाओरडा झाला की तो बिचारा पुन्हा उडाला! अक्कांनी सगळ्यांना दटावून मागे हटवले. संध्याकाळपर्यंत नऊ पिल्लांना मोठ्यांनी पदरात घेतले. उरलेली पाच अक्कांनी आपल्या अंगणात वाढवली.

पण खरा निर्णय अजून व्हायचा होता. आठवड्याने पंचायतीची बैठक भरली. कंत्राटदारावर खटला होता, तरी शाळेच्या छपराचा मोह काहींना सुटत नव्हता. आणि तो मोह खोटा नव्हता. मुले उन्हात बसत होती. मी मागे बाकावर बसलो होतो. चोर धरणे माझे काम. झाड राहील की जाईल, यात मला मत नव्हते.

एक सदस्य म्हणाले, "पाखरं आज आहेत, उद्या जातील. शाळा कायमची आहे."

अक्का म्हणाल्या, "या झाडांखालची, पाखरांच्या विष्ठेची खतमाती किती वर्षं आपल्या शेतात जाते, अण्णा? त्यात वाढलेलं धान्य खाऊनच तुमची मुलं शाळेत जातात. छप्पर आपण गवतानं शाकारू. मी माझ्या घरची गाडी देते."

मग कोणी बोलावले नसताना जामिनावर सुटलेला कारकून उभा राहिला. त्याने शेडमधले चार दिवस सांगितले, ओकाऱ्यांसकट. सभेत हशा पिकला. शेवटी तो म्हणाला, "मी परका माणूस. चार दिवसांत मला त्यांना टाकवेना. तुम्ही तर त्यांचे शेजारी."

हात वर झाले. पाच एका बाजूला, चार दुसऱ्या. ठराव कायम राहिला, एका बदलासह. 'ज्या चिंचेवर पक्ष्यांची वस्ती आहे' हे शब्द खोडून अक्कांनी लिहवून घेतले: 'पक्षी येवोत वा न येवोत, ही पाच झाडे त्यांचीच.' घरटी मोडून झाडे मिळवण्याची वाटच बंद झाली.

कंत्राटदाराला दंड झाला. कारकुनाला न्यायाधीशांनी समज देऊन सोडले. पंचायतीने त्याला आपल्या कचेरीत घेतले. महिन्याभराने त्याच्या सुवाच्य अक्षरातली ठरावाची नक्कल ठाण्यात आली. खाली लिहिले होते: प्रत तालुका कचेरीस. प्रत पोलीस ठाण्यास. प्रत चिंचेवरील रहिवाशांस.

या प्रकरणाने मला शिकवले ते असे. कायद्याच्या पुस्तकात त्या पाखरांना मालक नव्हता, म्हणून त्यांची चोरीही होत नव्हती. मला पाऊल ठेवायला जागा मिळाली ती नऊ माणसांनी सह्या-अंगठे केलेल्या एका कागदामुळे. राजधानीतून हुकूम निघायला वर्षे लागली असती. तोवर चिंचा राहिल्या नसत्या. पुढे जिथे बदली झाली तिथे रुजू होताच मी आधी गावच्या पंचायतीत जायचो, ठरावांची वही मागायचो आणि चहा येईपर्यंत ती वाचून काढायचो.