फ्यूजचं शिक्षण
“फ्यूजचं शिकता ती. लायट गेली तर आपल्याक वायरमन नको,” थोरली आत्या धाकटीला माझ्याबद्दल सांगत होती. काजूच्या बोंडांचा वास आला की गोव्यातल्या पार्से गावच्या घराचं ते बाल्कांव, दारापुढची ती बसायची जागा, मला अजून आठवते. मला फ्यूजन जीनवर संशोधन करायला पुण्याला पाठवायचं की लग्न लावून द्यायचं, हे दोघी हातात हात गुंफून ठरवत होत्या. इंग्रजीत पाठ असलेलं मला मराठीत सुचेना. त्या हातांकडे बघत शेवटी मी म्हणाले, “फ्यूज नव्हे, आत्ये. दोन जनुकं तुटून चुकीची जोडली गेली, की कधी त्यांच्या प्रथिनात दोरीसारखा पीळ येतो. मग ती प्रथिनं जोडीनं बिलगतात, तुम्हां दोघींसारखी एकमेकांना चालू करतात आणि थांबतच नाहीत. त्यातून कॅन्सर होतो. तो पीळ सोडवायला शिकायचंय मला.”