गुरुवारच्या म्याडम

आमच्या म्याडम कधी कुणाची बाजू घ्यायच्या नाहीत, आणि मला त्याचाच लई राग यायचा. माणूस एवढं शिकलेलं असेल, विद्यापीठात नीती शिकवत असेल, तर त्यानं सांगून टाकावं की हा खरा आणि हा खोटा. मी त्यांना कितीदा तोंडावर विचारलं. त्या चष्मा पुसायच्या आणि म्हणायच्या, "आबा, ते मी सांगितलं तर तुम्ही घरी काय घेऊन जाणार?" मी म्हणायचो, "निकाल घेऊन जाईन." तर म्हणायच्या, "निकाल कोर्टात मिळतो. तिथं गर्दी आहे. इथं खुर्च्या रिकाम्या आहेत."

माझी शाळा तिसरीपर्यंत. शेत विद्यापीठाच्या कंपाउंडाला लागून, म्हणून कँटीनला म्हशीचं दूध मीच घालतो. एका गुरुवारी किटली रिकामी करून निघालो, तर एका खोलीच्या दारावर कागद लावलेला. 'सार्वजनिक नीती. खुली चर्चा. कुणीही यावं.' अक्षर लावत लावत वाचलं. कुणीही म्हणजे मीही, म्हणून आत गेलो. कीर्तनासारखं काही ऐकायला मिळेल असं वाटलं होतं. आत गोल मांडलेल्या खुर्च्या, पाचसात पोरंपोरी, एक रिटायर कंडक्टर आणि कँटीनची शांताबाई. शिकवायला उभं कुणीच नाही. मी विचारलं, "मास्तर कुठाय?" एका लुकड्या बाईनं बसल्या जागेवरून हात वर केला. "मीच. बसा. किटली पायापाशी ठेवा, कुणी नेत नाही."

त्या मुरूम गावच्या. घरात कानडी बोलणं, शाळा मराठीत. धाराशिवात एक खोली घेऊन राहायच्या. नोकरी पक्की नव्हती, तासावरची होती. म्हणजे जेवढे तास शिकवलं तेवढाच पगार, आणि दर जूनला पुन्हा घ्यायचं का नाही ते वरच्यांनी ठरवायचं. कंडक्टर एकदा त्यांना म्हणाला, "म्याडम, आमची एसटी बरी हो. निदान उद्या गाडी हाय का न्हाय ते फलाटावर कळतं." त्या हसल्या. पण दर गुरुवारी अकराला खुर्च्या गोल मांडायच्या त्या स्वतःच. शिपायाला सांगायच्या नाहीत. मी मदतीला उठलो की म्हणायच्या, "तुम्ही दूध घातलंत, हे माझं काम."

त्यांचा नियम एकच होता आणि तो मला कधीच पटला नाही. दुसऱ्यानं जे सांगितलं ते आधी आपण सांगायचं. नुसतं उलटून नव्हे, त्याला पटेल असं. तो 'हौदु' म्हणाला, कानडीत हौदु म्हणजे व्हय, की मगच आपलं तोंड उघडायचं. पोरं पटापटा शिकली. मला वाटायचं, ही कसली नीती? ज्याचं म्हणणं खोटं, ते मी माझ्या तोंडानं का बोलू?

आणि नेमकं माझ्यावरच आलं. माझ्या शेतातून चुलतभाऊ नामदेवची वाट जायची. आमचं वाजलं आणि मी वाटेवर बाभळीची काटी लावली. आता तो कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन ओढ्याकडनं वळसा घालतो. बैठकीत रस्त्यावर कुणाचा हक्क असली काहीतरी गोष्ट चालली होती. मी ताठ बसून सांगितलं की मी असं असं केलं आणि बरोबर केलं. म्याडम म्हणाल्या, "आता नामदेवचं म्हणणं सांगा."

"तो खोटारडा हाय."

"हे तुमचं झालं. त्यांचं?"

"त्याला म्हणणंच न्हाय. त्याला नुसतं तोंड हाय."

शांताबाई पदर तोंडाला लावून हसली. "आबा, तुमालाबी काय कमी हाय का?"

तीन गुरुवार मी अडून बसलो. चौथ्या गुरुवारी वैतागून बोललो. "तो म्हणतो, आज्यानं दोन ल्योकांत शेत वाटलं, पण वाट वाटली न्हाय. वाट दोघांच्या बैलांनी पाडली, मग ती एकाची कशी?" मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. म्याडम म्हणाल्या, "छान सांगितलंत. पण हौदु म्हणायला नामदेव कुठं आहेत?" मी किटली उचलली आणि निघून आलो. घरी बायकोला म्हणालो, ही बाई एक काम पुरं होऊ देत नाही. बायको म्हणाली, "मग जाऊ नका." पुढच्या गुरुवारी मी पावणेअकरालाच जाऊन बसलो.

त्यांची आणखी एक खोड. बैठकीची हजेरी घ्यायच्या नाहीत. पोरगं वही काढायला लागलं की म्हणायच्या, "ठेव आत. सही केली की माणसाला वाटतं आपलं काम झालं. मग तो बोलत नाही." मला यातही गैर वाटायचं. आपण एवढं जातो, कुठं नाव तरी लागावं. मला सही चांगली येते. खाली रेघ मारून दोन टिंबं देतो.

पुढं तपासणीची कमिटी येणार म्हणून विद्यापीठात रंगरंगोटी सुरू झाली. हापिसातले एक साहेब कँटीनला आले, मला खुर्ची दिली, चहा दिला. रोज मीच दूध घालतो, पण खुर्ची त्या दिवशी पहिल्यांदा मिळाली. साहेबांच्या हातात रजिस्टर. म्हणाले, "आबा, तुम्ही गुरुवारच्या बैठकीचे सगळ्यांत जुने. गावचे नागरिक म्हणून इथं सह्या करा. म्याडमचंच काम आहे, त्यांचं भलं होईल." मी पानं बघितली. सगळ्या वर्षाचे गुरुवार. उन्हाळ्याच्या सुट्टीतलेही, परीक्षेतलेही. विद्यापीठाला कुलूप होतं ते गुरुवारसुद्धा. मनात जरा चुकचुकलं. पण साहेब म्हणाले, "सही झकास आहे तुमची," आणि मी सगळ्या पानांवर केली. रेघ आणि दोन टिंबं, एकाही ठिकाणी चुकलो नाही.

त्या सह्यांखाली म्याडमनी सही करायची होती. त्यांनी केली नाही. त्यांना समजावलं, मग दटावलं, मग जून जवळ आलाय याची आठवण करून दिली. हे मला शांताबाईनं नंतर सांगितलं.

गुरुवारी त्या नेहमीसारख्या आल्या, खुर्च्या मांडल्या. नाव कुणाचं घेतलं नाही. म्हणाल्या, "एका माणसानं न झालेल्या बैठकांना हजर होतो अशा सह्या केल्या. त्याचं म्हणणं कोण सांगेल?" कंडक्टर म्हणाला, "त्यात काय सांगायचं? चहा पाजला आसंल." पोरं हसली. माझे कान तापले.

म्याडम म्हणाल्या, "मग मी सांगते. तो म्हणतो, मला आयुष्यात कुणी सही मागितली नाही. मागितली ती कर्जाच्या कागदावर. इथं पहिल्यांदा मानानं मागितली. ज्या बाईकडं मी दर आठवड्याला जातो, तिचं भलं होईल असं सांगितलं. मी न झालेल्या बैठकांना हजर नव्हतो, पण झालेली एकही चुकवली नाही. मग माझी सही खोटी कशी?" एवढं बोलून त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हौदु का, आबा?"

माझ्या मनातलं, मलाही न मांडता आलेलं, त्यांनी जसंच्या तसं मांडलं होतं. रागाचा एक शब्द नव्हता त्यात. पोरं माझ्याकडं बघत होती. मला तेवढा एक शब्द बोलायचा होता. मी म्हणालो, "न्हाय." आणि उठलो.

तो शेवटचा गुरुवार ठरला. परीक्षा लागल्या, सुट्टी लागली, आणि जूनमध्ये म्याडमना तास मिळाले नाहीत. कारण लेखी कुणी दिलं नाही. विचारलं तर म्हणतात, विद्यार्थीसंख्या कमी. विद्यार्थीसंख्या पाचसातच होती आधीपासून, तेव्हा का नाही दिसली? त्या खोलीत आता मोडके बाक ठेवलेत. दारावर मात्र कमिटीसाठी केलेला मोठा फलक अजून आहे, त्यावर नीती केवढ्या अक्षरात लिहिलीय. त्याच्यापुढनं रोज किटली घेऊन जातो आणि तळपायाची आग मस्तकाला जाते.

मी हापिसात गेलो होतो. साहेबांना म्हणालो, "माझ्या सह्या खोडा."

"आबा, फाईल वर गेली. शेरा चांगला मिळाला. आता काय खोडायचं?"

"मग तिथं लिहा की या माणसानं खोट्या सह्या केल्या."

साहेब दमल्यासारखे म्हणाले, "तसा रकाना नसतो हो त्याच्यात." चहा मागवायला लागले. मी घेतला नाही. तीनदा गेलो. तिसऱ्यांदा शिपायानं दारातच सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत.

वाटेवरची काटी अजून तिथंच आहे. माझी माघार घ्यायची जात नाही. पण एका कडेला एक माणूस पेंढी घेऊन निघेल एवढी फट ठेवलीय. नामदेवला वाटतं ती गुरांनी पाडली. एकदा बांधावर त्याला त्याचंच म्हणणं सांगून बघितलं. तो तंबाखू मळत ऐकत राहिला आणि म्हणाला, "निम्मंच सांगितलंस. माझ्या आईला त्या वळशानं दवाखान्यात न्यायला उशीर झालता, ते कोण सांगणार?" हे मला ठाऊक नव्हतं. त्यानं कधी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारलं नव्हतं. हौदु काही मिळालं नाही. पुन्हा जावं लागेल.

म्याडम मुरूमला गेल्या, एवढंच कळलं. त्यांनी त्या दिवशी माझं म्हणणं सांगितलं ते शब्दाला शब्द बरोबर होतं. हौदु. उशिरा का होईना, इथं लिहून ठेवतो.

आता त्यांचं म्हणणं सांगणं माझ्याकडं लागतं. त्या म्हणतात, जी बैठक झालीच नाही ती झाली असं लिहिलं, तर जी खरंच झाली तीही खोटी पडते. आबांचा हेतू वाईट नव्हता, पण चांगल्या हेतूची सही फाईलीत वेगळी दिसत नाही. आणि नीती शिकवणाऱ्या बाईनं जूनला भिऊन त्याखाली सही केली, तर पुढच्या गुरुवारी ती कुठल्या तोंडानं विचारणार, दुसऱ्याचं म्हणणं सांगा म्हणून?

मला जमलं तसं सांगितलं. मुरूमला हे कुणाच्या हाती पडलं तर त्यांना दाखवा. काही राहिलं असेल तर त्यांनी कळवावं, मी पहिल्यापासून पुन्हा सांगेन. माझंही पुष्कळ सांगायचं आहे, पण ते त्यांच्या हौदुनंतर.